गाळलेलं वाक्य

१

शनिवारी संध्याकाळी सहाला 'गावशीव'वर जो कार्यक्रम जायचा होता, तो थांबवणारा कागद पाच वाजून दहा मिनिटांनी आला.

संग्रामपूरच्या बसस्टँडसमोर खत-बियाण्यांच्या दुकानावर एक खोली होती. दोन संगणक, एक कॅमेरा आणि निळा रंग दिलेली एक भिंत, एवढ्यावर सुचितानं चार वर्षांत हे बातम्यांचं यूट्यूब चॅनेल उभं केलं होतं. तालुक्यातलं माणूस कामाला सुरतेला गेलं तरी गावची खबर तिच्याकडूनच घ्यायचं. वय अडतीस, आवाज खणखणीत, आणि कोणाच्या बापाला न घाबरणारी बाई म्हणून तिचं नाव झालेलं.

निवडणूक कार्यालयाचा माणूस सही घेऊन जिना उतरून गेला. सुचितानं उभ्यानंच कागद वाचला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा प्रचार चालू असताना आपण जो कार्यक्रम दाखवणार आहात, ती बातमी नसून एका उमेदवाराविरुद्धची राजकीय जाहिरात आहे, अशी तक्रार आली आहे. जाहिरातीला माध्यम समितीची पूर्वपरवानगी लागते. रविवारी दुपारी तीन वाजता खुलासा करावा. तोपर्यंत प्रसारण करू नये.

"जाहिरात?" राखी तिच्या खांद्यावरून वाचत होती. "आपन कोनाची जाहिरात केली ताई?"

सुचिताची नजर तक्रारीतल्या उताऱ्यावर अडकली होती.

'"कोरडा नळ" या चित्रफितीत पुढील मजकूर आहे : नळ लागला, त्याला पाच वर्षं झाली. पाणी आलं फक्त उद्घाटनाच्या दिवशी. खारटेंभीत आठ घरांत किडनीचा रुग्ण आहे. आता मत मागायला कोणत्या तोंडानं येणार?'

हे तिचंच लिखाण होतं. शेवटच्या मिनिटात राखीच्या आवाजात येणारं. कुठे टायपिंगची चूक, कुठे काही गाळलेलं, पण शब्द तिचे.

आणि हा कार्यक्रम या खोलीबाहेर अजून एकाही माणसानं पाहिलेला नव्हता.

२

कार्यक्रम खारटेंभीचा होता. खारं पाणी, घरटी किडनीचा आजार, आणि गावात येऊन कोरडी पडलेली नळयोजना. योजनेचा नारळ फोडणारे ज्ञानेश्वरराव या वेळी पुन्हा उभे होते. सुचितानं त्यांचीही मुलाखत घेतली होती आणि ती पूर्ण दाखवणार होती. रविवारी रात्री दहाला प्रचार थंडावणार होता. त्यानंतर असलं काही दाखवायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवलेलं होतं. म्हणजे हातात एक दिवस.

खोलीत तिच्याशिवाय दोघं. राखी बातम्या वाचायची, गावोगाव जाऊन मुलाखती आणायची. मोईज कॅमेरा आणि व्हिडिओचं जोडकाम सांभाळायचा. सोनाळ्याचा माणूस, तिशी ओलांडलेला, आधी लग्नांचे व्हिडिओ करायचा. त्याच्या हाताला अशी लय होती, की रडका कार्यक्रमही लोक शेवटपर्यंत पाहायचे.

"तक्रार कोनाच्या सहीची हाय?" त्यानं विचारलं.

"भागवत."

राखीचा चेहरा उतरला. भागवत तिचा चुलत दीर, ज्ञानेश्वररावांचा कार्यकर्ता.

"ताई, मी तीन महिन्यांपासून त्याच्या घरी गेली नाही," ती म्हणाली. "आमच्या सासूनं त्याच्याशी बोलनं टाकलं हाय. मी काऊन देईन त्याले?"

"मी काही म्हटलं का तुला?"

"तुम्ही पाह्यलं माह्याकडे."

सुचितानं नजर वळवली, ती मोईजवर गेली. गेल्या महिन्यात त्यानं ज्ञानेश्वररावांच्या सभेचे तुकडे जोडून दिले होते. सांगून, विचारून, सुटीच्या दिवशी. तेव्हा तिला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आज वाटलं. पूर्ण कार्यक्रम एकाच संगणकात होता, आणि त्या संगणकावर मोईज बसायचा.

"मोईज, फोन दे तुझा."

तो क्षणभर हसला. गंमत असावी, असं त्याला वाटलं. मग त्यानं फोन टेबलावर ठेवला.

"घ्या ताई. पासवर्ड नाई त्याले."

तिनं संदेश पाहिले. आई, बहीण अलफिया, एक लग्नाचं गिऱ्हाईक, एक कॅमेऱ्याचा दुकानदार. पाठवलेल्या फायली पाहिल्या. काही नव्हतं. फोन परत ठेवताना तिला त्याच्याकडे बघवेना.

"झालं?" मोईज म्हणाला. "बरं." आणि पुन्हा संगणकाकडे वळला.

पुसून टाकलं असेल तर? हा विचार तिच्या डोक्यात आला, आणि तो झटकून टाकायला तिला तिच्या सरांकडे जावंसं वाटलं.

३

पंजाबराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय एकाहत्तर. तालुक्यात त्यांना सगळे सर म्हणायचे, पण ते कधी शाळेत शिकवायला नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी 'मशागत' नावाचं साप्ताहिक चालवलं. सुचिता बातमी लिहायला शिकली ती त्यांच्याकडे. विसाव्या वर्षी, आणीबाणीत, पत्रकं वाटली म्हणून ते तेरा महिने तुरुंगात होते. दरवर्षी जूनच्या शेवटी कोणत्या ना कोणत्या कॉलेजात त्यांचं भाषण व्हायचं आणि दरवर्षी पोरं उभी राहून टाळ्या वाजवायची. 'मशागत' बंद पडून सहा वर्षं झाली होती, तरी सुचिता महत्त्वाचं काही लिहिलं की आधी त्यांना वाचून दाखवायची. ते एखादा शब्द बदलायचे, आणि वाक्य उभं राहायचं.

त्यांनी नोटीस चष्मा वर करून वाचली.

"कायदा काही चुकीचा नाही," ते म्हणाले. "निवडनुकीत कोनीही उठून काहीही दाखवीन तर कसं जमीन? तू खुलासा कर. पन घाई करू नको. मतदान झाल्यावर टाक. चार दिवसांचा तर प्रश्न हाय."

सुचिता त्यांच्याकडे बघत राहिली. "सर, मतदानानंतर याचा उपयोग काय?"

"सत्य हे सत्यच राहते, सोमवारीही अन् शुक्रवारीही." त्यांनी कागदाची घडी घातली. "मले दुसरी चिंता वाटते. आतून फुटलं हे. फाइल कोनापाशी होती?"

"मोईजपाशी."

पंजाबरावांनी मान हलवली, आपल्याला आधीच ठाऊक होतं अशी.

"त्याचा फोन पाहिला मी," सुचिता म्हणाली. "काही सापडलं नाही."

"फोन एकच असते काय मानसापाशी?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी कोनाचं नाव घेत नाही. पन तू भोळी हायस, सुचिता. मानूस पारखून घेत जा."

ती परतली तेव्हा मनात मोईजच होता. खोलीला कुलूप होतं. दाराच्या फटीत चिठ्ठी : 'उद्या येतो. फाइलची एक कॉपी तुमच्या संगणकात टाकली. माझ्याजवळची पुसली. मोईज.'

पुसली. हा शब्द तिनं दोनदा वाचला.

४

रविवारी सकाळी दहाला सुचिता निवडणूक कार्यालयात गेली. माध्यम समितीचं काम पाहणाऱ्या समीक्षा नावाच्या अधिकारी साताऱ्याकडच्या होत्या. वय तिशीचं, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर अर्धवट खाल्लेल्या पोह्यांचा कागद.

"तुम्ही चिडलेल्या आहात," समीक्षा म्हणाल्या.

"मी काय दाखवायचं, हे तुम्ही ठरवणार म्हटल्यावर काय करू?"

"मी ते ठरवत नाही. तुम्ही दाखवताय ती बातमी आहे की कोणीतरी करवून घेतलेली जाहिरात, एवढंच मला ठरवायचंय." त्यांनी एक फाइल पुढे केली. "मागच्या पंधरवड्यात एका उमेदवाराच्या आवाजातली खोटी क्लिप फिरली. दोन गटांत दगडं पडली, एका म्हाताऱ्या माणसाचा डोळा गेला. तेव्हा प्रशासन झोपलं होतं का, असं कोणी विचारलं होतं?"

"मीच," सुचिता म्हणाली.

"मग सांगा. मी जागं राहायचं की नाही?"

सुचितानं ती फाइल मिटून परत सरकवली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही नीट माणूस दिसता. पण याच खुर्चीत उद्या दुसरं कोणी बसेल. त्याला कोणी फोन करेल. त्यानं बातमीला जाहिरात म्हटलं, तर आम्ही कुठे जायचं?"

"म्हणूनच लेखी निर्णय देते मी, कारणांसकट. त्यावर तुम्ही वर दाद मागू शकता. तोंडी सांगून कोणाला गप्प करत नाही." समीक्षांनी तक्रारीची प्रत तिच्या हातात दिली. "हीसुद्धा तुमचा हक्क म्हणून देते. मला विचाराल, तर ही लिहिणारा माणूस तुमच्या धंद्यातला आहे. नियम मला कलमांसकट सांगितलेत."

दोन पानांची तक्रार. एकही अशुद्ध शब्द नाही. खाली भागवतची वाकडीतिकडी सही.

भागवत तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर सापडला. गळ्यात उमेदवाराचा रुमाल, कपात बोटभर चहा.

"वहिनीनं काही देल्लं नाही मले," तो आधीच म्हणाला. "तिच्यावर शक घेऊ नका."

"मग कोणी दिलं?"

"सांगता येत नाही."

"तक्रार तू लिहिलीस?"

भागवत हसला. "मी? मले शाळेत मास्तर म्हने, तुह्या चार ओळींत पाच चुका हायेत. बंद पाकिटात टाइप करून आली होती. मी फक्त सही केली. आमच्या साहेबांनाही मांगून कळलं. उलट चिडले ते माह्यावर."

"का?"

"ते म्हने, माही मुलाखत चांगली झाली होती, दाखवू देत असता बे. आता लोक म्हनतीन, यानं तोंड दाबलं."

सुचिता टपरीवरच थबकली. म्हणजे ज्याच्याविरुद्ध हा कार्यक्रम होता असं सगळे धरून चालले होते, त्याला तो थांबायला नकोच होता.

मग कोणाला हवा होता?

५

खारटेंभी तिथून बारा किलोमीटर. शालूबाईंचं घर वेशीजवळ. दारात नळ होता, त्याच्या तोटीला कोणीतरी गुरांचं दावं अडकवलं होतं. शालूबाई साठीच्या. नवरा गोपाल किडनीच्या आजारात तीन वर्षांपूर्वी गेला. कार्यक्रमात सगळ्यात जास्त त्याच बोलल्या होत्या.

सुचिता ओट्यावर बसली. तक्रारीची प्रत आणि आपली मूळ संहिता तिनं शेजारी शेजारी ठेवली. एकेक वाक्यावर बोट ठेवत ती खाली गेली.

पहिली गोष्ट तिला लगेच दिसली. तक्रारीत नाव होतं 'कोरडा नळ'. पण ते नाव राहिलंच नव्हतं. शनिवारी सकाळी आठ वाजता मोईजनंच ते बदलून 'नळ आला, पाणी नाही' केलं होतं, राखीनं ते नव्या नावानं बोलून दिलं होतं. तक्रार दाखल झाली शनिवारी दुपारी. या दोघांपैकी कोणी फोडलं असतं, तर नाव नवं आलं असतं.

दुसरी गोष्ट आकड्याची. घरं साठ होती, आठ नव्हे. काल तिनं ती टायपिंगची चूक मानली होती. पण जो माणूस एक काना-मात्रा चुकत नाही, तो आकडा चुकेल? की आकडा तिच्याकडेच चुकला होता? तिनं राखीला फोन लावला. खारटेंभीत रेंज जेमतेम, म्हणून ती नळाजवळ उभी राहून ओरडली :

"राखी, तू बोललीस तेव्हा साठ घरं म्हणालीस ना?"

"आठ?" राखीचा आवाज तुटत तुटत आला. "नाही ताई! आठ कसं? साठ म्हटलं ना आपन!"

सुचितानं फोन कानापासून दूर केला.

संहितेत आकडा होता '६०'. पडद्यावर तो लाल ठशात होता. वाचणारा चुकणार नव्हता, पाहणारा चुकणार नव्हता. चुकणार होता तो फक्त ऐकणारा. फोनवर ऐकणारा.

आणि शुक्रवारी दुपारी तिनं पूर्ण संहिता फोनवर वाचली होती. मलकापूर स्टेशनच्या फलाटावरून. ती वाचत असताना मालगाडी धडधडत गेली होती, आणि ती ओरडून ओरडून वाचत राहिली होती. तेव्हा कार्यक्रमाचं नाव अजून 'कोरडा नळ' होतं.

ऐकणारं माणूस एकच होतं.

नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली. असं होणार नाही. त्यांना काय मिळणार?

तिनं पुन्हा उताऱ्याकडे पाहिलं, आणि काल वरवर पाहून सोडून दिलेली तिसरी गोष्ट आता तिच्यासमोर उभी राहिली. तक्रारीत तिची चार वाक्यं होती. तिनं लिहिली होती पाच. मधलं एक गाळलं होतं :

'पाणी पिण्यालायक नाही, हे सांगणारा कागद अकरा वर्षांपूर्वी एका संपादकाच्या हातात दिला होता. तो छापून आला नाही.'

या वाक्यात कोणा उमेदवाराचं काही नव्हतं. मग ते का गाळलं? ज्याला ते समितीसमोर यायलाच नको होतं, त्यानंच.

"काकू," सुचितानं विचारलं, "तुम्ही मुलाखतीत म्हणालात ना, पाणी तपासल्याचा कागद पेपरवाल्याला दिला होता? तालुक्यात तेव्हा तीन साप्ताहिकं होती. कोणत्या?"

शालूबाईंनी तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं.

"'मशागत'वाल्या सरांले. आमचे हे सोता जाऊन देऊन आले होते. चहा पेऊन आले त्यायच्या घरी." त्या क्षणभर थांबल्या. "काऊन वं बाई? तुह्या डोळ्यांत पानी काऊन आलं?"

६

तीन वाजता समितीसमोर कार्यक्रम दाखवला गेला. समीक्षांनी वही काढून तीन प्रश्न विचारले. उमेदवाराची बाजू घेतली आहे का? कोणाच्या सांगण्यावरून केला आहे का? आकड्यांना आधार काय? सुचितानं ज्ञानेश्वररावांची पूर्ण मुलाखत दाखवली, साठ घरांची नावानिशी यादी दिली, कोणाचं काही घेतलेलं नाही असं लिहून दिलं. चार वाजायच्या आत निर्णय आला. ही बातमी आहे, जाहिरात नाही. प्रसारणाला हरकत नाही.

"आनंद झालेला दिसत नाही," समीक्षा म्हणाल्या.

"तक्रार करणारा सापडला मॅडम."

"मग?"

"मग काही नाही." सुचितानं कागद पिशवीत ठेवले. "तुम्ही मला लेखी थांबवलंत आणि लेखी सोडलंत. मला माझ्या माणसानं बंद पाकिटात विकलं."

मोईज बाहेर मोटारसायकलजवळ उभा होता. त्याला सांगायचं कसं, हे तिनं रस्ताभर ठरवलं होतं. पण तोंडून एवढंच निघालं :

"मोईज, चुकलं माझं."

"कोन होतं?"

तिनं नाव सांगितलं.

"मी फाइल पुसली ती काऊन पुसली माहित हाय?" मोईज म्हणाला. "म्हटलं, माह्याजवळ ठुलीच नाही तर पुन्हा कोनी फोन मांगनार नाही. ताई, तुम्ही राखीचा फोन नाही मांगितला. तिचा तर दीर होता सही करनारा."

ते खरं होतं, आणि त्यामागचं कारण सुचिताला तिच्या तोंडानं उच्चारायची लाज वाटत होती.

"माफ करतोस का?"

"ते नंतर पाहू." त्यानं कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर टाकली. "आता कुठं जाचं हाय?"

"सरांकडे. ते गाळलेलं वाक्य आता नावासकट जाईल. पण त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय नाही."

"अन् ते बोलले नाही तर?"

"तर बोलले नाहीत, असं सांगू."

७

पंजाबरावांनी कॅमेरा पाहिला, मग मोईजला पाहिलं, मग सुचिताला. त्यांना कळलं. त्यांनी विचारलंही नाही, की काय काम काढलं.

सुचितानं दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. 'आठ'वर एक गोल केला होता. गाळलेल्या वाक्याच्या जागी एक आडवी रेघ.

"मालगाडी गेली तेव्हा आठ ऐकू आलं ना सर?"

पंजाबराव कागदाकडे बघत राहिले. "मले वाटलं, साठ म्हनशील तर जास्त होते," ते पुटपुटले. "म्हटलं, पोरगी आठच म्हनली असन."

"तुम्ही मला मोईजचं नाव सुचवलंत."

"नाव नाही घेतलं मी."

"नाही घेतलंत. म्हणून तर जास्त लागलं."

मोईज तिपाई लावत होता. त्याचा हात थांबला नाही.

"गोपालनं कागद आणून दिला होता," पंजाबराव म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तीन विहिरी. पिऊ नका, असं साफ लिहिलं होतं. मी पहिल्या पानाचा मजकूर लावला. दुपारी फोन आला. ज्याचा आला, तो पुढारी आता जिवंतही नाही. दोन वाक्यं बोलला. म्हने, सरकारी जाहिराती कोनत्या पेपरले द्याच्या त्याची यादी होऊन राह्यली. म्हने, गावाची बदनामी नको सर. बस. मी पान बदललं."

"तुम्ही तुरुंगात गेला होता सर."

"तवा दारात पोलीस आला होता!" त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "पोलीस आला की मानसाले कळते, का आता लढायचं हाय. हुकूम दिसते, सही दिसते, कोनाशी भांडायचं ते दिसते. गोपालच्या वेळेस काही दिसलंच नाही वं. फोन ठेवला अन् वाटलं, पुढच्या अंकात पाहू. त्याच्या पुढच्या अंकात पाहू. मंग गोपाल दोनदा येऊन गेला. मी आतून सांगितलं, घरी नाहीत."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"अन् आता?" सुचितानं विचारलं. "आता तर कोणाचा फोन नव्हता. आता तुम्हीच गेलात कायद्याकडे. ज्या गोष्टीविरुद्ध जन्मभर बोललात, तिचंच हत्यार केलंत. माझ्यावर."

"तुह्यावर नाही."

"मग कोणावर? वाक्य माझं होतं. वाचून मी दाखवलं होतं."

पंजाबरावांनी चष्मा काढला. "लोक मले एकाच गोष्टीसाठी ओळखतात, सुचिता. तेरा महिने. दुसरं काय हाय मापाशी? घरात कोनी नाही, पेपर नाही. तू ते वाक्य वाचलं अन् मले वाटलं, कोनीतरी शालूबाईले विचारनार, कोनता संपादक. आज नाही तर उद्या. म्हटलं, मतदान होऊन जाऊ दे, मंग मी तुले समजावून ते वाक्य काढून टाकीन. दोन-चार दिवस पाह्यजे होते, बस."

सुचिता उठली. वीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"सर, हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

त्यांनी मोईजकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बोलतो. पन एक कर. टाकायच्या आधी मले दाखव. एखादं वाक्य जास्तीचं वाटलं तर..."

वाक्य त्यांनीच अर्धं सोडलं. आपण काय मागतोय, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"नाही सर," सुचिता म्हणाली. "आधी दाखवणार नाही. तुमचा एक शब्द कापणार नाही, आणि एक शब्द वाढवणारही नाही."

पंजाबरावांनी चष्मा पुन्हा चढवला, सदऱ्याची गुंडी लावली. मोईजनं हात वर करून खूण केली. ते अकरा मिनिटं बोलले. मध्ये एकदा पाणी मागितलं.

कार्यक्रम शनिवारी सहाऐवजी रविवारी रात्री आठला गेला. त्यात पंजाबराव अकराच्या अकरा मिनिटं होते.

ज्ञानेश्वरराव निवडून आले, पण खारटेंभीतून त्यांना फार कमी मतं पडली. पंधरा दिवसांनी पाण्याचे नमुने घ्यायला गाडी आली. मोईज महिनाअखेरीस मलकापूरला गेला, तिथं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. भांडून गेला नाही. जाताना राखीला सगळं काम शिकवून गेला, सुचिताशी हात मिळवला, आणि 'ते नंतर पाहू' म्हणाला होता, ते पाहिलं की नाही, हे तिला कधी कळलं नाही.

शालूबाईंचा फोन कार्यक्रम गेला त्याच रात्री साडेआठला आला होता. सुचितानं मनाची तयारी केली होती, बाई रडेल, नाहीतर शिव्या देईल. शालूबाईंनी दोन्ही केलं नाही.

"पाह्यलं बाई," त्या म्हणाल्या. "आमचे हे दोनदा गेले होते त्यायच्या घरी, अन् ते आत बसले होते, हे मले आज समजलं. सरांले म्हना, एकदा येऊन जा. मी काही बोलनार नाही. मले फक्त तोंड पाहाचं हाय त्यायचं."

सुचितानं निरोप पोचवला. नंतर शालूबाईंनी तिला आणखी दोनदा विचारलं, तेव्हाही पोचवला.

पंजाबराव अजून खारटेंभीला गेलेले नाहीत.